दोन वाव पाणी, दहा वाव दोर

मराठीत शेत नांगरतो तोही नांगर आणि जहाज थांबवतो तोही नांगर. एक पुढे जाण्यासाठी, दुसरा जागेवर राहण्यासाठी. टोक मात्र दोघांचंही मातीतच रुततं. शेतातला नांगर संस्कृतातल्या लांगलापासून आलेला. जहाजाच्या नांगरात फारसी लंगर ऐकू येतो. तोच लंगर पंजाबात पोचला तेव्हा त्याचं जहाज मागे राहिलं आणि पंगत उरली: जो येईल त्याने बसावं, जेवावं. मी राहते त्या चंडीगडमध्ये लंगर म्हटलं की लोकांना डाळीच्या फोडणीचा वास येतो, खाऱ्या पाण्याचा नाही.

हे तिन्ही अर्थ गेल्या वर्षी माझ्या टेबलावर एकदमच आले. २०२४च्या ऑगस्टमध्ये मी एका इंग्रजी पुस्तकाचं भाषांतर करायला घेतलं होतं. साठीतलं एक जोडपं, एक शिडाची बोट आणि ग्रीसची बेटं. पुस्तक सरळ होतं, वाऱ्याची आणि बंदरांची नावं सोडली तर फारसं अडत नव्हतं. अडलं ते एका प्रकरणापाशी. ऑक्टोबरचा शेवट. आयोनियन समुद्रातल्या एका बेटाच्या पोटात शिरलेली खाडी. दोघं तिथे एका रात्रीपुरता नांगर टाकतात आणि अकरा दिवस राहतात. बोट हिवाळ्यासाठी जिथे पाण्याबाहेर काढायची ती जागा फक्त एका दिवसाच्या अंतरावर आहे. रोज सकाळी ठरतं, उद्या निघू. किनाऱ्यावरची खानावळ खुर्च्या एकात एक रचून ठेवायला लागते, भाड्याच्या बोटी एकेक करून परत जातात, शेवटी खाडीत हे दोघंच उरतात. बाकी काहीही घडत नाही.

भाषांतर करणाऱ्याला वादळ सोपं जातं. वादळाला क्रियापदं असतात. शांत पाण्यात अकरा दिवस राहण्याला कोणतं क्रियापद द्यायचं? रेंगाळले म्हटलं तर शाळेतून घरी जाणारी मुलं आठवतात. थांबले म्हटलं तर कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखं वाटतं. मुक्काम केला म्हटलं तर सामान, घोडे आणि तंबू आले.

हंगामाचंही तसंच. ग्रीसमध्ये शिडाच्या बोटींचा हंगाम साधारण एप्रिल-मे ते ऑक्टोबर. आयोनियन बेटांत उन्हाळाभर दुपारी वायव्येचा वारा सुटतो आणि संध्याकाळी पडतो. पलीकडच्या एजियन समुद्रात मेल्तेमी नावाचा कोरडा उत्तरेचा वारा कधी कधी सलग आठवडाभर वाहतो. सप्टेंबर सरता सरता दोन्ही मंदावतात. पाणी अजून कोमट असतं, माणसं गेलेली असतात. २६ ऑक्टोबरला संत दिमित्रिओसचा सण येतो आणि त्या सुमाराला जे चार उबदार दिवस मिळतात त्यांना ग्रीक लोक त्या संताचा छोटा उन्हाळा म्हणतात. पण त्याच दिवसांत दक्षिणेकडून गडगडाटी पावसाचे ढगही यायला लागतात. आजचा दिवस सुंदर आहे म्हणून उद्याची हमी नाही, हे त्या पाण्यावरच्या प्रत्येकाला माहीत असतं.

कोकणच्या समुद्राचं वर्ष याच्या उलटं चालतं. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की हंगाम सुरू होतो आणि ज्येष्ठ लागण्याच्या आसपास संपतो. त्या शेवटच्या दिवसांना आगोट म्हणतात. घर शाकारायचं, लाकडं कोरडी करून आत घ्यायची, मीठ-मिरची, सुकी मासळी यांची बेगमी करायची, होड्या ओढून वर काढायच्या आणि झापांनी झाकायच्या. वारा नैर्ऋत्येकडे फिरायला लागलेला असतो. आगोटीत पाण्यावर कुणी रमत नाही. ज्याने चार दिवस जास्त काढले त्याचं गलबत घरी येईलच असं नाही. सरता हंगाम हे दोन्ही किनाऱ्यांवर खरं आहे, पण एकीकडे त्याची चव गोड आहे आणि दुसरीकडे पोटात गोळा आणणारी.

आगोट हा शब्द मला बाबांकडून मिळाला. पुस्तकाच्या त्या महिन्यांत ते माझ्याकडेच होते. बाबा देवगड तालुक्यातले. १९५९ साली, सोळाव्या वर्षी, ते मामाच्या ओळखीने एका पत्तेमारीवर चढले. मंगळूरची कौलं भरून मुंबईला न्यायची आणि येताना मिळेल तो माल घ्यायचा. चार हंगाम त्यांनी ते केलं. मग मुंबईत एका गिरणीच्या गोदामात नोकरी लागली, लग्न झालं, आम्ही दोघं भावंडं झालो आणि समुद्र चौपाटीपुरता उरला. निवृत्तीनंतर आईला घेऊन ते गावच्या घरी गेले. २०२२मध्ये आई गेली. पुढच्या मार्चमध्ये दादाने त्यांना माझ्याकडे आणून पोचवलं, दोन महिन्यांसाठी.

दोन महिन्यांचं दीड वर्ष कसं झालं ते सांगता येणार नाही. उन्हाळा फार आहे, पाऊस संपू दे, गाडीला गर्दी असेल, दिवाळी इथेच करू. गेल्या जानेवारीत धुक्याच्या दिवसांत त्यांची छाती भरली आणि पाच दिवस रुग्णालयात काढावे लागले. डॉक्टरांनी सांगितलं, पुढची थंडी यांनी इथे काढू नये. हे सांगितलं तेव्हा पुढची थंडी फार लांब होती. ऑक्टोबर उजाडला तसा दादाचा डोंबिवलीहून दर रविवारी फोन येऊ लागला. बाबा फोनवर हो म्हणायचे आणि फोन ठेवला की विचारायचे, आज तळ्यावर जायचं ना?

तळं म्हणजे सुखना. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या या शहराला पाण्याचा विसावा हवा म्हणून शिवालिकच्या पायथ्याशी वाहणाऱ्या मोसमी ओढ्याला, ज्याला इकडे चो म्हणतात, १९५८ साली बांध घातला आणि हा तलाव झाला. ल कॉर्बुझिएचा आग्रह होता की बांधावर मोटारगाडी येऊ नये आणि पाण्यात मोटारबोट. बांधावर अजूनही फक्त पायी चालता येतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात संध्याकाळी वारा अगदी पडतो, डोंगरांची रेघ पाण्यात जशीच्या तशी उतरते आणि वल्ह्यांच्या होड्या काठाशी परत येतात. थंडीचे पक्षी तेव्हाच उतरायला लागतात. पांढऱ्या कपाळाचा, काळा, कोंबडीएवढा जो पाणपक्षी इथे येतो त्याला मराठीत वारकरी म्हणतात हे बाबांनीच मला सांगितलं. दरवर्षी येतो आणि दरवर्षी जातो म्हणून असेल, असं मी म्हटलं. कपाळावर नाम आहे म्हणून, असं ते म्हणाले.

ग्रीसच्या समुद्राशी चंडीगडचा एक धागा आहे, तो मला त्याच दिवसांत फार जवळचा वाटायला लागला. १९३३च्या उन्हाळ्यात आधुनिक वास्तुरचनाकारांची चौथी आंतरराष्ट्रीय परिषद पात्रिस नावाच्या एका जहाजावर भरली होती. मार्सेयहून अथेन्सला आणि परत. शहर म्हणजे चार कामं, राहणं, कष्टणं, विसावणं आणि ये-जा करणं, हा विचार त्या प्रवासातल्या चर्चांतून घडत गेला आणि ल कॉर्बुझिएने तो १९४३मध्ये अथेन्सची सनद म्हणून प्रसिद्ध केला. फाळणीत लाहोर गमावलेल्या पंजाबसाठी त्याने ही राजधानी आखली तेव्हा तीच चार कामं सेक्टरांमध्ये उतरली. घरं, गावं सोडून आलेल्या माणसांसाठी बांधलेलं हे शहर. त्याच्या विसाव्याच्या खात्यात सुखनाचं नाव आहे.

बाबांना यातलं काही फारसं महत्त्वाचं वाटत नव्हतं. त्यांचं लक्ष दोरांकडे. काठाला होड्या जितक्या आखूड दोरांनी बांधलेल्या असायच्या तितके ते अस्वस्थ व्हायचे. एकदा मी त्यांना माझं अडलेलं वाक्य सांगितलं. रात्री दक्षिणेचा वारा वाढतो, नवरा उठून बोटीच्या नाळेवर जातो आणि साखळी आणखी सोडतो. इंग्रजीत त्या सोडलेल्या लांबीला स्कोप म्हणतात. मला ते विचित्र वाटत होतं. वारा वाढला तर माणूस दोर आवळेल की सैल करेल?

बाबांनी दोन्ही हात आडवे पसरले. "दोन वाव पाणी तर धा वाव दोर. ताणून बांधलंस काय नांगर उपाटता. ढील देवक होयी."

पसरलेल्या दोन हातांच्या टोकांमधलं अंतर म्हणजे एक वाव. समुद्राची खोली आपल्याकडे अशीच, माणसाच्या मिठीच्या मापाने मोजत आले आहेत. नांगर त्याच्या वजनाने बोट धरत नाही, हे मला तेव्हा कळलं. साखळी किंवा दोर पाण्याच्या खोलीच्या चार-पाच पट सोडला तर त्याचा मोठा भाग तळाशी आडवा पडतो, ओढ आडवी बसते आणि नांगर मातीत आणखी खोल शिरतो. दोर आखूड असेल तर प्रत्येक लाट नांगराला वर उचलते आणि तो सुटतो. म्हणून वारा वाढला की आवळायचं नाही, सोडायचं. मी घरी येऊन स्कोपसाठी कोश उघडला. त्यात अर्थ दिला होता: वाव. मोजण्याचा वाव आणि मोकळ्या जागेचा वाव मराठीत एकाच शब्दात राहतात. इतकी वर्षं मी दुसऱ्याला वाव देण्याबद्दल बोलत होते, आणि त्या शब्दात माझ्या बापाचे पसरलेले हात होते.

त्याच पुस्तकात पुढे बोटीच्या नांगराचं वर्णन येतं. जेफ्री टेलर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने शेतातल्या नांगराच्या फाळावरून तो बेतला. साल पुन्हा १९३३च. छोट्या बोटींवर हा नांगर आजही दिसतो आणि इंग्रजीत त्याला शेतातल्या नांगराचंच नाव आहे. मराठीत मला लिहावं लागलं, नांगरासारखा नांगर. बाबा हसले. म्हणाले, मग दुसरा कसा असतो?

पण नांगर धरायला तळही तसा लागतो. खडकावर तो घसरतो, पाणवनस्पतींत अडकल्यासारखा वाटतो आणि सुटतो. चिखल आणि रेती बरी. सुखनाच्या काठावर बसून बाबांनी एकदा विचारलं, खाली काय आहे? मी म्हटलं, गाळ. ते म्हणाले, "मगे बरो धरतलो."

सुखनाच्या गाळाबद्दल या शहरात कुणी असं कौतुकाने बोलत नाही. शिवालिकचे डोंगर ठिसूळ आहेत, प्रत्येक पावसाळ्यात माती खाली येते आणि तलावात बसते. तलावाची साठवण जवळपास निम्मी त्या मातीने खाल्ली. कोरड्या महिन्यांत नागरिकांनी फावडी-घमेली घेऊन श्रमदान केलं, वरच्या डोंगरांत छोटे बंधारे घातले, झाडं लावली, तेव्हा वेग कमी झाला. २ मार्च २०२० रोजी पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने सुखनाला जिवंत व्यक्तीचा दर्जा दिला, तिच्या पाणलोटातल्या बांधकामांच्या खटल्यात. तलावाला माणसासारखे हक्क मिळाले, कारण माणसासारखाच तोही भरत आणि आटत चालला होता.

गाळ हा निवाऱ्याच्याच पोटी येतो. जिथे लाट पोचत नाही तिथे माती वाहून जात नाही, बसते. कोकणातली राजापूर, चौल यांसारखी एकेकाळची नावाजलेली बंदरं खाडीच्या आत होती म्हणून जहाजांना सुरक्षित होती, आणि खाडीच्या आत होती म्हणूनच गाळाने भरली. थोडा गाळ असला तर नांगर धरतो. उपसा न करता तसाच साठू दिला तर नांगर टाकायला पाणीच राहत नाही. माझ्या घरातली एक खोली बाबांची झाली होती. त्यांच्या औषधांचं खोकं, रेडिओ, देवगडच्या घराची किल्ली अडकवलेला खिळा. दर महिन्याला तिथे एखादी वस्तू वाढत होती. मला ते बरं वाटत होतं. आईनंतर घरात कुणीतरी मला बाय म्हणून हाक मारत होतं.

शिवकालीन-उत्तरशिवकालीन गद्य आम्हाला एम.ए.ला तुलनेसाठी होतं, त्यात रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र मी वाचलं होतं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा हा राजनीतीवरचा ग्रंथ. त्याचं आरमाराचं प्रकरण या भाषांतराच्या निमित्ताने पुन्हा काढलं, कारण मला जहाजांचे मराठी शब्द हवे होते. जहाजासाठी रयतेची आंब्या-फणसाची झाडं तोडू नयेत, ती त्यांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात, हा भाग सगळ्यांना माहीत असतो. त्याच्याच शेजारी छावणीचा मजकूर आहे. पाऊस लागण्याच्या काही दिवस आधीच आरमाराने निवाऱ्याच्या बंदरात जावं, आणि दरवर्षी एकाच बंदरात छावणी करू नये, कारण खलाशी कितीही धाकात ठेवले तरी तिथल्या लोकांना त्यांचा उपद्रव होतोच. निवाऱ्याला आलेल्या जहाजाचा भार कुणीतरी उचलत असतं, याची इतकी व्यवहारी जाणीव मी सरकारी भाषेत क्वचितच पाहिली आहे.

हे मी बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी लक्षपूर्वक ऐकलं आणि काही बोलले नाहीत.

चंडीगडमध्ये राहण्याचा आणि न राहण्याचा एक जुना हिशेब आहे. ल कॉर्बुझिए इथे कधीच राहिला नाही. वर्षातून दोनदा यायचा, बघायचा, जायचा. राहिला तो त्याचा चुलतभाऊ पिएर जान्नरे. १९५१ ते १९६५, चौदा वर्षं. सरकारी घरं, शाळा, बाकं, खुर्च्या, या शहराचं रोजचं अंग त्याच्या हाताखालून गेलं. सुखनासाठी त्याने पायाने चालवायची होडी आखली होती. सेक्टर ५मधलं त्याचं घर आता संग्रहालय आहे. १९६५च्या ऑगस्टमध्ये ल कॉर्बुझिए भूमध्य समुद्रात पोहताना गेला. त्याच वर्षी जान्नरे आजारी होऊन युरोपात परतला, १९६७मध्ये जिनिव्हात वारला, आणि १९७०मध्ये त्याच्या इच्छेप्रमाणे त्याच्या पुतणीने त्याची रक्षा आणून सुखनात सोडली. काम संपल्यावर त्याला कुणी इथे धरून ठेवलं नव्हतं. तो गेला आणि मग परत आला. बाबांना ही गोष्ट सांगितली त्या संध्याकाळी ते पाण्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, गोड्या पाण्यात सोडला, बरं केलं. खाऱ्या पाण्यात माणूस लांब जातो.

निवाऱ्याच्या बंदराचं जुनं वर्णन ओडिसीत आहे. तेराव्या सर्गात इथाकाच्या किनाऱ्यावर फोर्किसचं बंदर येतं. समोरासमोरची दोन टोकं बाहेरच्या लाटा अडवतात आणि आत आलेलं जहाज बांधावंही लागत नाही. वीस वर्षांनी घरी परतणाऱ्या ओडिसियसला फायाकी लोक झोपेतच तिथे वाळूवर ठेवून जातात. तो जागा होतो तेव्हा अथीनाने धुकं पसरलेलं असतं, आणि त्याला स्वतःचाच देश ओळखता येत नाही. देवगडचं बंदरही असंच आहे, डोंगराच्या कुशीत वळलेलं, बाहेर समुद्र खवळला तरी आत पाणी सपाट. बाबांना मी ही गोष्ट सांगितली ती बंदरासाठी. त्यांनी ऐकली ती धुक्यासाठी.

"तां घर आता माका वळखूचा नाय," ते म्हणाले.

दीड वर्षात त्यांनी पहिल्यांदाच आईबद्दल असं काही म्हटलं होतं, तेही तिचं नाव न घेता. उन्हाळा, गर्दी, दिवाळी या सगळ्यांच्या खाली हे होतं. आणि माझ्या बाजूनेही काही कमी नव्हतं. दादाला मी सांगत असे की बाबाच तयार नाहीत. ते खरंच होतं. पण ते तयार नाहीत हे ऐकून मला दर रविवारी हायसं वाटायचं, हेही खरं होतं. आमच्या दोघांमधला दोर पुरेसा आखूड होता.

१५ नोव्हेंबरला कार्तिक पौर्णिमा होती, म्हणजे इथे गुरुपर्व. त्या आठवड्यात शहराची हवा धुराने इतकी भरली की सुखनाच्या काठावरून डोंगर दिसेना. बाबांचा खोकला परत आला होता. तरी ते लंगरला आले. डोक्याला रुमाल बांधून चटईवर बसले, दोन्ही हात पुढे करून पोळी घेतली, डाळ दोनदा मागितली. शेजारच्या म्हाताऱ्या सरदारजींशी त्यांचं मोडक्या हिंदीत काहीतरी चाललं होतं. बाहेर पडताना मी विचारलं तेव्हा म्हणाले, त्याचं गाव पाकिस्तानात राहिलं. त्याला कधी बघायला मिळालं नाही. मग थोडं चालून झाल्यावर म्हणाले, माझं तर गाडीने जाता येतं.

रात्री त्यांनी खिळ्यावरची किल्ली काढून उशाशी ठेवली. मी खोलीच्या दारात उभी होते. मी म्हटलं, थंडी संपली की लगेच या, मार्चमध्ये.

"माका ताणून धरू नको, बाय," ते म्हणाले. "आगोटीक येतलंय."

मला आधी हसू आलं. आगोटीच्या दिवसांत चंडीगडचा पारा बेचाळीसच्या वर असतो. पण त्यांनी नीट विचार केलेला होता. पावसाळ्यात गावच्या घरात एकट्याने राहणं हेच खरं कठीण, वीज जाते, रस्ता बंद होतो, कुणी येत-जात नाही. थंडीत देवगड उत्तम. म्हणून पावसाच्या आधी गलबतं खाडीत शिरतात तसं यायचं, आणि नारळी पौर्णिमा झाली की घराकडे. दरवर्षी एकाच बंदरात नाही. ते आज्ञापत्र त्यांनी नुसतं ऐकलं नव्हतं. "एक पावस हंय, एक डोंबिवलीक," त्यांनी सांगून टाकलं, जणू दादाची आणि माझी वाटणी करत होते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दादा न्यायला आला. कोकण रेल्वेने खाली केरळकडे जाणारी एक गाडी चंडीगडहूनच सुटते. तिच्या खिडकीतून बाबांनी मला शेवटची सूचना दिली ती औषधांच्या खोक्याबद्दल. ते त्यांनी माझ्याकडेच ठेवलं होतं. निम्मी औषधं घेतली, खोकं ठेवलं. पुढच्या वेळी लागेल.

भाषांतराचं ते प्रकरण मी त्यानंतर पुरं केलं. बाराव्या दिवशी पहाटे वारा अनुकूल होतो. ती दोघं काही न बोलता तयारी करतात. साखळी वर येते, तिच्यामागून नांगर येतो, राखाडी चिखलाने माखलेला, आणि बायको बादलीने पाणी ओतून तो धुते. सगळा चिखल जात नाही. ग्रीकमध्ये वाऱ्यापासून राखलेल्या बंदराला अपानेमो म्हणतात. ज्याच्यावर वारा येत नाही ते. संस्कृतातला निवात हा तोच अर्थ सांगतो, गीतेतला न हलणारा दिवा तिथेच ठेवलेला आहे, आणि आपला निवांत त्याच्या अगदी अंगाला लागून आहे. म्हणून खाडीसाठी मला निवांत मिळाला. अकरा दिवसांच्या क्रियापदासाठी रेंगाळले, थांबले, मुक्काम केला, सगळं खोडून मी शेवटी नुसतं राहिले असं लिहिलं. कुठे राहता, असं आपण परक्या माणसालाही विचारतो. चार दिवस राहा, असं पाहुण्याला म्हणतो. सांगायचं राहून गेलं, असंही म्हणतो. अकरा दिवसांत या तिन्ही गोष्टी होत्या.

देवगडला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांचा फोन आला. घर उघडलं, झाडून घेतलं, शेजारून पेज आली, कौलं दोन ठिकाणी सरकली आहेत. मागे समुद्राचा आवाज येत नव्हता. बंदराच्या आत तो येत नाही. मी जरा वेळ इकडचं तिकडचं विचारलं आणि मग धीर करून म्हटलं, बाबा, घराने ओळखलं का?

"रव गो वायच," ते म्हणाले. "आताच तर आयलंय."